नऊशे तासांचा स्वयंपाक

शनिवारी सकाळी उशिरा उठून चहाचा पहिला घोट घेतोय तोच मामेबहिणीची मेल. मजकूर एका ओळीचा, सोबत एक एक्सेल शीट. मेलबर्नला मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय, कोर्स दोन वर्षांचा आहे आणि मामाने घर तारण ठेवून कर्ज काढायची तयारी दाखवलीय, एवढं घरच्यांकडून कळलं होतंच. मला वाटलं शीटमध्ये फी, भाडं, हप्ते वगैरे असेल. छे! होते ते फक्त पॉइंट. पीआरचे.

कोर्स संपेल तेव्हा वय पंचविशीच्या पुढे, त्याचे ३०. इंग्रजीत एकदम वरची श्रेणी मिळाली तर २०. मास्टर्सचे १५. ऑस्ट्रेलियात शिकल्याचे ५. लग्न झालेलं नाही याचे १० (हो, २०१९ च्या नोव्हेंबरपासून खरंच मिळतात. आमच्या मामीला हे अजून कोणी सांगितलेलं नाही). आणि मराठी येतं याचे ५. एकूण ८५. पास व्हायला ६५ लागतात. खाली पिवळ्या रंगात लिहिलं होतं, "दादा, अजून कुठून वाढवता येतील?"

आता मी पडलो प्रोग्रॅमर माणूस. कोणी स्कोअर वाढवायचा प्रश्न टाकला की हात शिवशिवतात. एक वर्षाचा प्रोफेशनल इयर कर, ५ मिळतील. मेलबर्न सोडून ॲडलेडला जा, तिथे शिकल्याचे आणखी ५. उत्तर टाइप करूनही झालं होतं. पण पाठवलं नाही, कारण अशी एक बेरीज मी आधी पाहिली होती. एका वहीच्या शेवटच्या पानावर, निळ्या बॉलपेनने केलेली. तिथे १२० हवे होते आणि बेरीज १२५ येत होती.

त्या वहीची गोष्ट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल. बरंच मागे खरं तर.

ऑस्ट्रेलियात शिरण्याची परीक्षा ही काही नवीन भानगड नाही. १९०१ साली तिथल्या सहा वसाहतींचा मिळून एक देश झाला आणि त्याच वर्षी इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन ॲक्ट आला. गोऱ्यांखेरीज कोणी नको हा हेतू, पण कायद्यात तसं सरळ लिहिलेलं नाही. फक्त एवढंच, की अधिकारी ५० शब्दांचा उतारा सांगेल आणि येणाऱ्याने तो लिहून दाखवायचा. कुठल्या भाषेत? युरोपातल्या कुठल्याही. निवड अधिकाऱ्याची! पंजाबी माणूस इंग्रजीत लिहायला बसला तर त्याला जर्मन द्यायची, म्हणजे प्रश्नच मिटला. १९०९ नंतर ही परीक्षा एकही माणूस पास झाला नाही. पास होण्यासाठी ती नव्हतीच मुळी.

यातला सगळ्यात भारी किस्सा एगॉन किशचा. हा प्रागचा पत्रकार, हिटलरच्या विरोधात भाषणं करायला १९३४ साली बोटीने निघाला. सरकार त्याला उतरू देईना. तर पठ्ठ्याने मेलबर्नला बोटीवरून थेट धक्क्यावर उडी टाकली आणि पाय मोडून घेतला! उचलून परत बोटीवर ठेवला. सिडनीला मात्र उतरवावं लागलं, मग परीक्षा घ्यायचं ठरलं. आता पंचाईत अशी की याला युरोपातल्या बऱ्याच भाषा यायच्या. शेवटी अधिकाऱ्यांनी स्कॉटिश गेलिक शोधून काढली. किशने अर्थातच नकार दिला. प्रकरण हायकोर्टात गेलं (तिथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट) आणि कोर्ट म्हणालं की या कायद्याच्या अर्थाने स्कॉटिश गेलिक ही युरोपियन भाषाच नाही. किश सुटला. स्कॉटिश मंडळी मात्र भयंकर खवळली.

ही परीक्षा १९५८ साली रद्द झाली. वर्णाच्या आधारावर निवड करण्याचं धोरण पूर्ण संपायला १९७३ उजाडावं लागलं, तेव्हा गॉफ व्हिटलमचं सरकार होतं. मधल्या काळात आशियातली मुलं ऑस्ट्रेलियात शिकत नव्हती असं नाही. कोलंबो प्लॅनखाली १९५१ पासून भारत, मलाया, इंडोनेशिया अशा ठिकाणांहून मुलं येत होती. पण त्यात अट स्पष्ट होती: शिका आणि घरी जा. शिकून तुमचा देश वर आणा, आमच्याकडे राहू नका. त्या पिढीच्या विद्यार्थ्याला "पीआरचे चान्सेस कसे वाढवू" असं विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता.

मग दोन गोष्टी घडल्या, एकमेकींपासून अगदी वेगळ्या.

पहिली पैशाची. १९८५-८६ च्या सुमारास सरकारने ठरवलं की परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण फी घ्यायची. म्हणजे तोवर मदत म्हणून दिलं जाणारं शिक्षण आता विकायला ठेवलं. आणि विकणारा गिऱ्हाईक शोधतोच. दुसरी गोष्ट जून १९८९ ची. बीजिंगच्या तिआनमेन चौकात रणगाडे शिरले तेव्हा हजारो चिनी विद्यार्थी ऑस्ट्रेलियात होते. पंतप्रधान बॉब हॉक भर शोकसभेत रडले आणि या मुलांना जबरदस्तीने परत पाठवणार नाही असं सांगून मोकळे झाले. हे ऐनवेळी, कोणाला फारसं न विचारता. पुढे १९९३ मध्ये त्यांच्या कायम राहण्याचा निर्णय झाला आणि कुटुंबं धरून सुमारे ४२ हजार लोक कायमचे ऑस्ट्रेलियन झाले. विद्यार्थी म्हणून आलेला माणूस इथलाच होऊन जाऊ शकतो, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा दिसलं.

पॉइंटची पद्धत तोवर आलेली होतीच. कॅनडाने १९६७ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये. पण विद्यार्थी आणि पॉइंट यांची गाठ पडली ती १९९९ मध्ये. त्या जुलैपासून ऑस्ट्रेलियातल्या पदवीला जादा पॉइंट सुरू झाले आणि टंचाई असलेल्या व्यवसायांची एक वेगळी यादी निघाली. मायग्रेशन ऑक्युपेशन्स इन डिमांड लिस्ट, बोली भाषेत मॉडल. २००१ पासून तर कोर्स संपल्यावर घरी न जाता तिथूनच अर्ज करता येऊ लागला, आणि कोर्स संपून सहा महिन्यांच्या आत केला तर कामाचा अनुभवसुद्धा मागत नसत.

कागदावर हे किती छान दिसतं बघा. तरुण माणूस, आपल्याच कॉलेजात आपल्याच पद्धतीने शिकलेला, स्वतःच्या पैशाने शिकलेला. सरकारचा खर्च शून्य. मी त्या खात्यात असतो तर मीही हेच डिझाइन केलं असतं, उगाच खोटं कशाला बोला.

मग २००५ साली मॉडलमध्ये आचारी आणि केशकर्तनकार आले. कुक आणि हेअरड्रेसर.

इथे वहीतली बेरीज मांडतो. तेव्हाच्या हिशेबात स्वयंपाकी या व्यवसायाचे ६०. तिशीच्या आतल्या वयाचे ३०. कामापुरत्या इंग्रजीचे १५. ऑस्ट्रेलियात दोन वर्षं शिकल्याचे ५. झाले ११०. लागतात १२०. दहा कमी! पण मॉडलमध्ये असल्याचे १५ धरले की १२५, आणि तुम्ही आत. म्हणजे सगळा डोलारा त्या एका ओळीवर उभा. ती ओळ एका सरकारी यादीत आहे, आणि ती यादी मंत्र्याच्या एका सहीने बदलते.

ही बेरीज फक्त त्या वहीत नव्हती. जालंधरपासून काठमांडूपर्यंत प्रत्येक एजंटच्या टेबलावर होती. इंजिनिअरिंगच्या पदवीला जास्त फी, जास्त अभ्यास, जास्त इंग्रजी. स्वयंपाकाचा डिप्लोमा दोन वर्षांत, कमी पैशांत. मेलबर्न-सिडनीच्या ऑफिस इमारतींच्या मजल्यांवर खाजगी कॉलेजं उगवली. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदण्या ६ लाखांच्या वर गेल्या होत्या, त्यात भारतीयांच्या सुमारे १ लाख २० हजार. बॉब बिरेल नावाचे मेलबर्नचे समाजशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी २००७ पासून ओरडत होते की ही मुलं स्वयंपाकी व्हायला येतच नाहीयेत, पीआर मिळाल्यावर स्वयंपाकघरात थांबणार नाहीत. त्यांच्या निबंधाचं नावच होतं 'कुक्स गलोर अँड हेअरड्रेसर्स ॲप्लेंटी'. म्हणजे आचारीच आचारी चोहीकडे! सूर तिरकस होता, पण निरीक्षण खोटं नव्हतं.

ती वही ज्याची, तो साताऱ्याकडचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, घरी कधी वरणाचा कुकर लावलेला नाही. २००८ च्या फेब्रुवारीत कुकरीच्या कोर्सला गेला. गावाकडची थोडी जमीन विकून. तो फोनवर सांगायचा ते ऐकून आम्ही हसायचो. कांदा चिरण्याची परीक्षा, सॉस दाट होण्याची परीक्षा... त्यालाही हसू यायचं. सुरुवातीला.

मग आले नऊशे तास. नियम असा होता की कौशल्याचं मूल्यमापन करून घ्यायचं तर खऱ्या स्वयंपाकघरात ९०० तास काम केल्याचं पत्र हवं. मालकाच्या सहीचं. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता यायचं. ९०० भागिले २० म्हणजे ४५ आठवडे. आता विचार करा, ज्या माणसाच्या सहीवर तुमची पीआर अडकलीय त्याच्याकडे तुम्ही ४५ आठवडे काम करताय. पगार मागाल? मागून दाखवा! याने अर्धे तास फुकट भरले आणि भाड्यासाठी रात्री वेगळं काम केलं, ते अर्थातच नियमाबाहेर, म्हणून रोख आणि कमी पैशांत. काही ठिकाणी तर तास न भरताच पत्र विकत मिळत होतं. २०११ पासून खोट्या कागदपत्रांसाठी तीन वर्षं व्हिसाबंदीचा कडक नियम आला, त्याच्या मुळाशी ही असलीही पत्रं होती. आमचा गडी मात्र तास मोजून भरत होता. वहीत रोज लिहायचा. शेवटच्या पानावर बेरीज, आधीच्या पानांवर तास.

रात्री कामावरून उशिराच्या गाडीने एकटं परतणाऱ्या अशाच मुलांवर २००८-०९ मध्ये हल्ले झाले. ३१ मे २००९ ला मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीटच्या चौकात हजारो विद्यार्थी रस्त्यावर बसले. आपल्याकडच्या चॅनेलवर तेव्हा फक्त वर्णद्वेष हा एकच शब्द चालू होता. वर्णद्वेष होता, नव्हता असं मी म्हणणार नाही. पण ती मुलं रात्री अकराला त्या स्टेशनवर का होती, हे कुठल्या चॅनेलने विचारल्याचं मला तरी आठवत नाही. त्याचं उत्तर पॉइंटच्या तक्त्यात होतं.

त्याच वर्षी कॉलेजं धडाधड बंद पडायला लागली. काही तर टर्मच्या मध्यात. सकाळी गेलेल्या पोरांना दाराला कुलूप. सरकारच्या डोक्यात तोवर दुसराच हिशेब सुरू झाला होता: अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यात जे हवेत ते कमी. आधी प्रक्रियेचा क्रम बदलला, यादीबाहेरचे अर्ज मागे ढकलले. मग ८ फेब्रुवारी २०१० ला इमिग्रेशन मंत्री ख्रिस इव्हान्स यांनी जाहीर केलं की मॉडल रद्द. तेवढंच नाही, तर १ सप्टेंबर २००७ च्या आधी देशाबाहेरून आलेले साधारण २० हजार लोकांचे अर्ज बंद करून फी परत. जवळजवळ अडीच वर्षं किंवा त्याहून जास्त रांगेत उभं राहिलेल्यांना पैसे परत करून घरी पाठवलं! मे महिन्यात नवी यादी जाहीर झाली, १ जुलैपासून लागू. चारशेच्या वरचे व्यवसाय १८१ वर आले. कुक नाही. हेअरड्रेसर नाही.

आमच्या गड्याचा कोर्स डिसेंबर २००९ मध्ये संपला होता. मूल्यमापनाचे कागद पाठवले होते, उत्तर यायचं होतं. ज्यांचे अर्ज ८ फेब्रुवारीच्या आधी दाखल झाले होते त्यांचे १५ पॉइंट शाबूत राहिले, भले मग निकालाला वर्षं लागोत. त्याच्या खोलीतला मुलगा सहा महिने आधी कोर्स संपवून अर्ज टाकून बसला होता. तोच कोर्स, तेच कॉलेज, गुणही जवळपास तेच. तो रांगेत राहिला आणि हा रांगेबाहेर. फरक काही आठवड्यांचा.

अशांसाठी सरकारने सोय ठेवली होती, नाही असं नाही. २०१२ अखेरपर्यंत अर्ज करून १८ महिन्यांचा तात्पुरता व्हिसा घ्या आणि तेवढ्यात प्रायोजक मालक शोधा. याने घेतला. मालक काही मिळाला नाही. २०१२ मध्ये परत आला, आता एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. जमिनीचा विषय त्याच्या घरी कोणी काढत नाही.

मला या सगळ्यात चूक कोणाची हे नीट सांगता येत नाही. आमच्या धंद्यात एक प्रकार असतो. कोड बरोबर आहे का हे तपासायला आपण टेस्ट केस लिहितो, आणि कोणी हुशार माणूस फक्त त्या टेस्ट पास होतील एवढाच कोड लिहितो. टेस्ट सगळ्या हिरव्या, प्रोग्रॅम मात्र चालत नाही. मग मॅनेजर काय करतो? टेस्ट बदलतो. पॉइंटचंही तसंच. सरकारला हवा होता टिकणारा, कामाचा माणूस. तो मोजता येईना म्हणून त्याच्याऐवजी यादी मोजली. यादी सगळ्यांना कळली, सगळे यादीप्रमाणे वागले आणि म्हणूनच यादी निरुपयोगी झाली. जितका रामबाण उपाय, तितकं त्याचं आयुष्य कमी. आणि कोर्स तर दोन वर्षांचा!

पुढचा इतिहास हा त्या धड्याचाच आहे. जुलै २०११ पासून नवी परीक्षा. मॉडलचे पॉइंट गायब, इंग्रजीला मोठं वजन: आयईएलटीएसमध्ये चारही भागांत ७ आले तर १०, ८ आले तर २०, आणि सहाला शून्य. जुलै २०१२ पासून स्किलसिलेक्ट आलं, हा बदल बहुतेकांच्या अजूनही डोक्यात शिरलेला नाही. आधी पासाचे गुण मिळाले की अर्ज करायचा हक्क होता. आता नुसती इच्छा नोंदवायची आणि सरकार वरून खाली निवडत येणार. पास होणं आणि नंबर लागणं यांतला फरक बारावीनंतर ॲडमिशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला समजवावा लागू नये, तरी लागतो. कागदावर ६० किंवा ६५ पुरत होते तेव्हासुद्धा अकाउंटंट आणि आयटीवाल्यांची बोलावणी काही वर्षं ८० च्या पुढे, ९० पर्यंत गेली होती. तेव्हा तिच्या शीटमधल्या "पास: ६५" या ओळीला तसा काही अर्थ नाही.

त्यातून २०२० च्या मार्चमध्ये सीमाच बंद झाल्या, त्या विद्यार्थ्यांसाठी डिसेंबर २०२१ पर्यंत. बाहेर अडकलेल्या कितीतरी जणांची त्या काळात तेहतिशी उलटली आणि बसल्या जागी ५ पॉइंट गेले. जुलै २०२४ मध्ये शिक्षणानंतरच्या व्हिसाची वयोमर्यादा बहुतेकांसाठी ५० वरून ३५ वर आली, विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलरवरून १६०० झाली आणि वर्षभरात २०००. पॉइंटची परीक्षाच मुळातून बदलावी का, यावर सरकारने २०२४ मध्ये चर्चेचा मसुदाही काढला. हे सगळं सुरू असताना कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला कोणीतरी बसलेलं असतंच.

दुपारी मी शीट पुन्हा उघडली. पॉइंट वाढवले नाहीत, एक कॉलम वाढवला: "ही ओळ उद्या रद्द झाली तर हातात काय उरतं?" आणि भरत गेलो. इंग्रजी: नियम बदलला तरी इंग्रजी येतंच, आणि आजवरच्या प्रत्येक बदलात त्याचं वजन वाढलंय किंवा टिकलंय. मास्टर्सची डिग्री: विषय खरोखर आवडत असेल तर उरते, पॉइंटसाठी घेतला असेल तर नाही. प्रोफेशनल इयर: आणखी फी आणि एक वर्ष, बदल्यात ५, त्यापेक्षा तेच वर्ष खऱ्या नोकरीत गेलं तर ५ तिथेही आहेत, वर पगार. लग्न न झाल्याचे १०: यावर मी मत दिलं नाही :-)

आणि खाली दोन ओळी. एक तारखांची. कोर्स संपल्याचं पत्र, कौशल्य मूल्यमापन, इंग्रजीचा निकाल, यांतलं काहीही एक दिवससुद्धा उशिरा सुरू करायचं नाही, कारण पॉइंट मोजले जातात ते बोलावणं येण्याच्या दिवशीचे. दुसरी ओळ मामासाठी. त्याला शीट दाखवशील तेव्हा पीआरच्या रकान्यात शून्य टाकून दाखव. १८ महिने काय किंवा तीन वर्षं काय, तिथे जेवढं राहता येईल तेवढ्यात आणि नंतर पुण्याच्या पगारावर हप्ते फिटतात का ते बघ. फिटत असतील तर खुशाल जा. नसतील तर विद्यापीठ बदल, शहर बदल, नाहीतर दोन वर्षं नोकरी करून मग जा.

पाठवून टाकलं. म्हटलं आता रागावणार.

रात्री फोन आला. रागावली नव्हती, पण मामाशी बोलायला आठवडा लागेल म्हणाली. शून्य टाकल्यावर हप्ते फिटत नव्हते. एक वर्ष नोकरी करून गेलं तर फिटतात, असं तिनेच हिशेब करून काढलं होतं. मग जरा गप्प राहून म्हणाली, की मराठीच्या पाच पॉइंटच्या ओळीपुढे मी काहीच लिहिलं नाही, ते का?

विसरलो होतो खरं. नाटी नावाची तिथली संस्था ही परीक्षा घेते. दोन संवाद असतात, एक जण इंग्रजीत बोलतो, एक मराठीत, आणि आपण मध्ये बसून दोन्हीकडे उलथवायचं. ९० पैकी ६३ हवेत आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी निदान २९. विषय दवाखान्यातले, बँकेतले, भाडेकराराचे. किशला बिचाऱ्याला गेलिक मिळाली होती, हिला मराठी मिळतेय.

"सोपं आहे गं, तुला काय," मी म्हणालो.

"सोपं? मगाशी एक सराव संवाद ऐकला. दादा, 'मॉर्टगेज'ला मराठीत काय म्हणतात?"

"गहाण."

"आणि 'रिपेमेंट'?"

"परतफेड," मी म्हणालो. "लिहून घे."